सल्ला दिला, मग पुढे काय? नागपूर शहराच्या आरोग्य सल्लागार मंडळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठेतल्या दवाखान्यापासून आशीनगरच्या गल्लीपर्यंत जिथं जिथं हा विषय काढला, तिथं थोड्याफार फरकानं हेच प्रश्न आले. म्हणून एकदाचे लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर काही वर्षं नागरिक सदस्य होतो, तेवढीच माझी पात्रता. खाली ज्याला ‘मंडळ’ म्हटलं आहे तो अजून प्रस्तावच आहे: तज्ज्ञ आणि नागरिक मिळून बनलेलं, महापालिकेला शहराच्या आरोग्याबद्दल सल्ला देणारं मंडळ, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यानं काय करावं याचा आराखडा. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला मोकळीक आहे.

कायले पाहिजे बाप्पा आणखी एक समिती?

पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. समित्यांची आपल्याकडे वाण नाही. मी ज्या समितीवर होतो तिचं इतिवृत्त लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहिलं जायचं. एकदा डॉक्टर मॅडम यायला उशीर होता म्हणून मागची पानं चाळत बसलो. औषधांचा तुटवडा, बंद पडलेला फ्रीज, तपासणीला आलेल्या गरोदर बायांना बसायला बाक नाही. विषय वेगवेगळे, पण प्रत्येकाखालची ओळ तीच: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली. नोंद घेण्यात आली.’ बाकाचा विषय चार बैठकांत आला होता. चारही वेळा नोंद घेण्यात आली होती.

तेव्हा आणखी एक समिती हवी, असं माझं म्हणणंच नाही. सल्ल्याला उत्तर मिळेल अशी एक जागा हवी. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. पण ते लेखी असावं, त्यात कारण असावं आणि खाली तारीख असावी. या पानावरचं बाकी सगळं या एका मागणीभोवती फिरतं.

मग आज आरोग्यावर बोलणाऱ्या जागा कोणकोणत्या आहेत?

कागदावर भरपूर आहेत. महापालिकेच्या सभागृहाची वैद्यकीय सेवा व आरोग्य विशेष समिती असते, तीत नगरसेवक असतात. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, हे तर राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. त्याच्या निकषाप्रमाणे साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, त्या केंद्राची रुग्ण कल्याण समिती आणि वस्तीत ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती. २००९ साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही झाली. तुम्ही कधी क्षेत्रसभेला गेलात का, हे मी विचारत नाही.

अडचण दोन टोकांच्या मधे आहे. खाली वस्तीतल्या बायांना माहीत असतं कोणत्या नालीवर झाकण नाही. वर आयुक्तांना माहीत असतं किती पैसे आहेत. या दोघांत पूल नाही. शिवाय वरची टोकं निवडणुकीवर टांगलेली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, ती जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती होतं. मधे चार उन्हाळे गेले, चार वेळा डेंग्यूचा हंगाम आला, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून लोकांच्या घरात पाणी शिरलं. या सगळ्या काळात १५१ नगरसेवकांपैकी एकही पदावर नव्हता, त्यामुळे त्यांची समितीही नव्हती. फक्त नगरसेवकांवर उभी असलेली समिती नगरसेवकांबरोबरच घरी जाते, हे तेव्हा कळलं.

कायद्यात अशा मंडळाला आधार आहे का?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हा विषय नगरसंस्थांच्या यादीत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये साथरोग रोखणं, लसीकरण, सांडपाणी ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं सांगितली आहेत. म्हणजे काम कुणाचं, याबद्दल वाद नाही. धोरण सभागृहाचं, अंमलबजावणी आयुक्तांची. मंडळ यातलं काहीच करणार नाही, ते फक्त सांगणार. म्हणून त्याला सभागृहाच्या ठरावाचा आधार हवा. आयुक्तांच्या परिपत्रकावर उभं केलेलं मंडळ आयुक्तांच्या बदलीबरोबर गुंडाळलं जातं.

मंडळानं नेमकं काय करायचं?

वर्षाला तीन प्रश्न घ्यायचे. तीनच.

हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण प्रत्येकाच्या खिशात दहा प्रश्न असतात. पण सगळ्यावर बोलणारं मंडळ कशावरच बोलत नाही. तीनपैकी एक प्रश्न आयुक्तांनी किंवा आरोग्य विभागानं द्यावा, एक मंडळानं स्वतः निवडावा आणि एक दहा झोनमधून यावा. प्रत्येक प्रश्नावर माहिती मागवायची, लोकांचं ऐकायचं, जागेवर जाऊन बघायचं आणि दोन पानांचा सल्ला लिहायचा. दोन पानं म्हणजे दोनच. त्यात काय करावं, कुणी करावं, कधीपर्यंत आणि अंदाजे किती खर्च. ‘जनजागृती करण्यात यावी’ या वाक्याला मी तर बंदीच घालीन.

एखादं उदाहरण द्या ना.

उन्हाचं घेऊ. नागपूरकराला ऊन समजावून सांगायची गरज नाही. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि मोबाइलवर एकच हलकल्लोळ झाला. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दोन दिवसांत चर्चा झाली ती आकडा खरा की खोटा याची. ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी जमतात त्या नाक्यावर, उभ्या असलेल्या मजुराला दुपारी पाणी कुठं मिळतं, याची झाली नाही.

उष्माघात कृती आराखडा आपल्याकडे आहे. अहमदाबादनं २०१३ मध्ये सुरुवात केल्यानंतर जी शहरं या वाटेनं लवकर गेली त्यांत नागपूर होतं. चौकात हिरव्या जाळ्या लागतात, दुपारी बागा उघड्या ठेवल्या जातात, दवाखान्यात थंड खोली राखली जाते. हे चांगलंच आहे. मंडळानं त्यापुढचा प्रश्न धरायचा: नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कोण असतं आणि रात्री टिनाखाली कोण झोपतं?

कारण शरीर रात्री थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं. हवामान खात्याचा अधिकृत आकडा सोनेगाव विमानतळाकडचा असतो, मोकळ्या जागेतला. टिनाच्या खोलीत रात्री अकरा वाजता किती तापमान असतं हे त्या आकड्यात कधीच दिसत नाही. महिला आरोग्य समितीच्या वीस बायांना साधे तापमापक दिले आणि मे महिन्यात रोज रात्री एक आकडा वहीत लिहायला सांगितला, तर जी माहिती हाती येईल ती आज शहरातल्या एकाही फायलीत मिळणार नाही. मग सल्ला असा लिहिता येतो: ‘अमुक वस्त्यांत छतांना पांढरा चुना-लेप, ठिय्यांवर सकाळी सातला पाण्याची सोय, रस्तासफाई आणि बांधकामाच्या निविदांत मे महिन्याच्या वेळा बदलण्याची अट.’ शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. निविदेत अट नसेल तर कंत्राटदार मुकादमाला सांगतो, मुकादम मजुराला सांगतो, आणि मजूर दीड वाजता डांबरावर उभा असतो.

आणि हो, हा सल्ला एप्रिलमध्ये देऊन उपयोग नाही. तोवर निविदा निघालेल्या असतात. ऑक्टोबरमध्ये, हिट गेल्यागेल्या, उन्हाळ्यावर बोलायला बसावं लागतं.

आणि डेंग्यू?

डेंग्यूची सुरुवात आपल्या खिडकीतच होते. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद होतो. उतरवून ठेवतो कोण? ‘ऑक्टोबर हिटला लागतोच’ म्हणून तो तिथंच राहतो. टाकी रिकामी केली असं आपण म्हणतो, पण पंप जिथवर पाणी ओढतो त्याच्याखाली दोन बोटं पाणी उरतंच. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवून घालते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती ओतून चालत नाही, आतून ब्रशनं घासावी लागते. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्याचा हिशेब हा आहे.

आता यात मंडळाचं काय काम? पहिलं, वेळ. फवारणीची गाडी आणि पाणी साठलेल्या भांड्या-टाक्यांची तपासणी रुग्ण वाढल्यावर जोरात येते, तेव्हा डासांच्या दोन-तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ‘कूलर उतरवा’ हे काम वस्तीतल्या बायांकडे, त्याबद्दल मोबदला ठरवून दिलं, तर? दुसरं, मोकळे भूखंड. मालक पुण्यात नाहीतर अमेरिकेत, भूखंडावर झुडपं, नारळाच्या कवट्या आणि पाणी. नोटीस कुणावर बजावायची हा आरोग्याचा नाही, मालमत्ता कराच्या नोंदीचा प्रश्न आहे. दोन विभागांना एका टेबलावर मंडळ बसवू शकतं.

तिसरं जरा किचकट आहे. खासगी दवाखान्यात झटपट किटवर एनएस-१ पॉझिटिव्ह आलं की घरचे म्हणतात डेंग्यू झाला. सरकारी हिशेबात मात्र प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीनं खात्री झालेलाच रुग्ण धरला जातो, किटवाला ‘संशयित’. म्हणून पेपरात एक आकडा, डॉक्टरांच्या तोंडी दुसरा आणि गल्लीत तिसरा. कुणी खोटं बोलत नसतं. पण लोकांना वाटतं आकडे लपवतात. संशयित आणि खात्रीचे, दोन्ही आकडे झोननिहाय दर आठवड्याला शेजारीशेजारी छापा, एवढा सल्ला एका पानात मावतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी-पिवळी मारबत, म्हणजे रोगराईचे मोठाले पुतळे, निघते, ‘ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण सगळे रस्त्यावर असतो. डेंग्यू ऐन भरात असतो तो याच दिवसांत. मिरवणुकीच्या आदल्या रविवारी प्रत्येक उत्सव मंडळानं आपल्या गल्लीतल्या टाक्या घासल्या तर मारबतीचं ओझं थोडं हलकं होईल.

सल्ला ऐकलाच नाही तर?

नाही ऐकला तर नाही ऐकला. सल्लागार मंडळानं सरकार चालवायचं नसतं. पण ठरावात तीन कलमं मात्र असायलाच हवीत. सल्ला मिळाल्यापासून ४५ दिवसांत प्रशासनानं लेखी उत्तर द्यावं: मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, कारणासह. सल्ला आणि उत्तर दोन्ही मराठीत, झोन कार्यालयाच्या फलकावर आणि मनपाच्या संकेतस्थळावर लागावं. उत्तर आलं नाही तर तो सल्ला आपोआप पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर जावा.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच, पण प्रत्येक वेळी अर्ज टाकून उत्तर काढावं लागलं तर तो सल्ला राहत नाही, खटला होतो. ‘नोंद घेण्यात आली’ हे उत्तर ग्राह्य धरू नये, असं मी मसुद्यात सरळ लिहिलं होतं. एका वकील मित्रानं ते हसत खोडलं. मी परत लिहिलं.

सदस्य कोण असावेत?

पंधरापेक्षा जास्त नकोत. तज्ज्ञांची नागपुरात कमतरता नाही. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९४७ पासून आहे, मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय त्याहून जुनं, दोन्हीकडे जनऔषधवैद्यक, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणारे, विभाग आहेत. मिहानला एम्स आलं. पाणी, हवा, सांडपाण्यासाठी १९५८ पासून नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. या चौघांकडून एकेक माणूस आला की तज्ज्ञांची बाजू बरीचशी भरली.

उरलेल्या खुर्च्यांची मला जास्त काळजी वाटते. दोन आशाताई. एक परिचारिका. एक सफाई कामगार, युनियनचा पुढारी नव्हे, सकाळी झाडू हातात असणारा. पाण्याच्या टाकीवर काम करणारा कुणी मिळाला तर उत्तम. वस्तीतला छोटा दवाखाना चालवणारा जनरल प्रॅक्टिशनर, कारण ताप सगळ्यात आधी त्याला दिसतो. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण किंवा रुग्णाची आई. विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचं अभियान सुरू झालं. पण रात्री दोन वाजता लेकराच्या सांध्यांत कळा सुरू झाल्यावर कॅज्युअल्टीत ‘गॅस झाला असेल’ म्हणतात तेव्हा काय होतं, हे त्या आईशिवाय कुणी सांगू शकत नाही.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, त्यातले साडेआठ लाख झोपडपट्टीत. मंडळाच्या खुर्च्यांत निदान तेवढं प्रमाण दिसावं.

मजुरी बुडवून बैठकीला कोण येईल?

कुणीच नाही. म्हणून शाल-श्रीफळ नको. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. प्राध्यापकांना नाही दिली तरी चालेल.

खासगी हॉस्पिटलवाले शिरले तर?

शिरणारच, आणि त्यांनी यावंही. शहरातले बहुतेक लोक आजारी पडले की आधी खासगीतच जातात. पण प्रत्येक सदस्यानं वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यावं: माझं हॉस्पिटल, लॅब, औषधदुकान, कंत्राट काय आहे, जवळच्या नातेवाइकांचं काय आहे. विषय आपल्या धंद्याशी जोडलेला निघाला तर त्या विषयापुरतं उठून बाहेर जावं. हे नगरसेवकांना आणि समाजसेवकांनाही लागू. समाजसेवकांनाही प्रकल्प मिळतात, हे आपण विसरतो.

नगरसेवक असावेत की नाही?

दोन असावेत, एक सत्तेतला, एक विरोधातला. अध्यक्ष नसावेत.

हॉस्पिटलनं अव्वाच्या सव्वा बिल लावलं. मंडळाकडे तक्रार करू का?

नको. मंडळ तक्रारी घेऊ लागलं की पहिल्या महिन्यातच बुडेल. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांप्रमाणे हॉस्पिटलनं रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते आणि शहरात त्यावर देखरेख महापालिकेच्या आरोग्य विभागाची असते. तक्रार तिथं करा, पोच घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्यसल्ल्यासाठी १०४.

मात्र एकाच प्रकारच्या तक्रारी साठल्या, समजा अनामत रकमेशिवाय इमर्जन्सी दाखल करत नाहीत, तर ती शहराची गोष्ट झाली. आरोग्य विभागानं तक्रारींचं नावं वगळलेलं वर्गीकरण सहा महिन्यांनी मंडळापुढं ठेवावं.

रोग काही मनपाची हद्द बघून येत नाही. मग?

अगदी खरं, आणि नागपूरइतकं हे कुठल्या शहराला कळायला हवं? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं किडनी निकामी होऊन इथल्या हॉस्पिटलांत येत होती. कारण निघालं खोकल्याच्या औषधातलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन. औषध बनलं तामिळनाडूत, विकलं गेलं मध्य प्रदेशात, मुलं दगावली नागपुरात. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोली, पलीकडे तेलंगणाची सीमा, सगळ्यांची शेवटची गाडी मेडिकलच्या फाटकाशी थांबते. एकाच गावाकडून एकाच लक्षणाची तीन मुलं वेगवेगळ्या तीन हॉस्पिटलांत आली, तर तिन्ही डॉक्टरांनी एकाच ठिकाणी फोन करावा अशी सवय शहराला लावणं, हा मंडळाच्या पहिल्या वर्षाच्या प्रश्नांतला एक असावा असं मला वाटतं.

चांदीपुरा विषाणूचं नाव ऐकलं असेल. १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला तो नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात. गावाचं नाव विषाणूला चिकटलं. तो पसरवणारी वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत वाढते, म्हणजे शहराच्या कडेला, जिथं जिल्हा परिषद संपते आणि मनपा नीट सुरू झालेली नसते. २०१८ चा स्क्रब टायफसही गवताळ कडांचाच आजार होता. कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं हद्दीबाहेर, त्यांचा धूर आत. म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा एक प्रतिनिधी मंडळावर कायमचा हवा, पाहुणा म्हणून नव्हे.

जनावरांचा डॉक्टर कशाला?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, निदान निघालं बर्ड फ्लू. मोकाट कुत्री आणि रेबीज तर रोजचंच. पशुवैद्यक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, आणि माणूस-प्राण्यांच्या सामायिक रोगांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणीही डिसेंबर २०२२ मध्ये इथंच झाली. एवढं असून त्यांना न बोलावणं म्हणजे घरात विहीर असून शेजारी घागर घेऊन जाणं.

पुन्हा कोविडसारखी साथ आली तर मंडळ काय करणार?

हुकूम देणार नाही. साथीत हुकूम एकाच जागेवरून निघावा लागतो आणि तो अधिकार कायद्यानं प्रशासनाला आहे. पण २०२० चा एप्रिल आठवा. सतरंजीपुरा, मोमीनपुरा ही नावं लोक रोगाच्या नावासारखी घेत होते. तिथल्या माणसाला दुसऱ्या मोहल्ल्यात कुणी उभं करत नव्हतं. अलगीकरणाची गाडी आली की दारं लागायची. भीती रोगाची कमी आणि ‘नेतात कुठं, परत आणतात का’ याची जास्त होती.

त्या वेळी आदेश कुठल्या भाषेत लावायचा, कुणाच्या तोंडून सांगायचा, अलगीकरणात जेवण काय द्यायचं, मागं राहिलेल्या शेळीला चारा कोण टाकणार, हे विचारणारं कुणी टेबलावर असतं तर बरीच दारं उघडी राहिली असती. साथीच्या काळात मंडळानं आठवड्याला एक पान द्यावं: वस्तीत काय बोललं जातंय आणि कोणता आदेश उलटा पडतोय. उत्तराची मुदतही तेव्हा ४५ दिवस नाही, तीन दिवस.

पैसा कुठून येणार?

मंडळाला स्वतःला फार लागत नाही: एक पूर्णवेळ माणूस, एक संगणक, बैठकांचं भाडं-मजुरी. खरा प्रश्न सल्ल्यांच्या अंमलबजावणीचा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर देशभर ७०,०५१ कोटी रुपये ठेवले होते. असा पैसा येतो तेव्हा तो खर्चाच्या ठरलेल्या शीर्षातच खर्च होतो आणि शीर्ष ठरताना वस्तीतलं कुणी खोलीत नसतं. मनपाचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, पण आकडे डिसेंबरातच बसलेले असतात. म्हणून मंडळाचं वर्ष एप्रिल-मार्च नको. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात तिन्ही सल्ले टेबलावर पडले पाहिजेत.

बैठका कुठं, कोणत्या भाषेत?

दोन महिन्यांतून एक, आळीपाळीनं झोनमध्ये. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात वर्षातून एकदाच, उत्तरं घ्यायला. इतिवृत्त मराठीत. बोलायला मराठी, हिंदी, वऱ्हाडी, जे तोंडी येईल ते. इंग्रजी सादरीकरण आणणाऱ्यानं ते आधी आशाताईला समजावून दाखवावं, मग मंडळाला.

पाच वर्षांनी काय?

मंडळ बंद करण्याची अट ठरावातच असावी. पाच वर्षांत पंधरा सल्ले होतील. निम्म्याहून जास्त सल्ल्यांना मुदतीत लेखी उत्तर आलं नसेल तर मंडळ आपोआप बरखास्त. ज्यांना मंडळ हवंय ते या अटीला घाबरतात, आणि ज्यांना नकोय ते खूष होतात. मला वाटतं दोघांनाही ती कामाला लावील.

मला यात काही करायचं असेल तर?

एक प्रश्न लिहा. ‘नागपूरचं आरोग्य सुधारावं’ असा नको. जागा, तारीख, काय पाहिलं आणि किती लोकांना त्रास होतोय, एवढं चार ओळींत. झोनकडून येणाऱ्या एका प्रश्नाच्या जागेसाठी असे कागद जमवतो आहोत. आतापर्यंत आलेल्यांत मला सगळ्यात आवडलेला एका बाराखोलीतल्या मुलीचा: शाळेजवळच्या पाणपोईचा ग्लास साखळीला बांधलेला आहे, तो कोण धुतो?

त्या बाकाचं शेवटी काय झालं?

हे हमखास विचारतात. पाचव्या वेळी विषय निघाला तेव्हा एक आशाताई म्हणाल्या, ‘मॅडम, नोंद नका घेऊ. होय लिहा नाहीतर नाही लिहा.’ डॉक्टर मॅडमनी थोडा विचार करून लिहिलं: ‘नाही. या शीर्षात तरतूद नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. ताईंनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि वस्तीतल्या बिछायत केंद्रवाल्याला, म्हणजे मंडप-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याला, दाखवला. त्यानं महिन्याभरात दोन बाक आणून टाकले, जुनेच, पण रंग मारून. त्यातल्या एकाचा पाय आता हलतो. तो विषय अजून रजिस्टरात आलेला नाही.